त्या बिनपानांच्या कोंबाला कात्री लावू नका

नमस्कार मंडळी. ही कुंडी मी मुद्दाम घरून आणली आहे. पुढच्या रांगेतल्या काकू, जरा हात लावून बघा. पिसासारखं मऊ लागतंय ना? आता बोट खाली जुन्या खोडाकडे न्या, पण बेतानं. तिथे काटा आहे.

नर्सरीत आपण हे झाड ‘फर्न’ म्हणून मागतो आणि नर्सरीवालाही त्याच नावानं देतो. पण नेच्याला, म्हणजे खऱ्या फर्नला, कधी फूल येत नाही. याला बारीक पांढरी फुलं येतात, मग वाटाण्याएवढी फळं धरतात आणि पिकली की ती जांभळट काळी होतात. ही आपल्या शतावरीच्या घरातली वेल आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅस्परॅगस सेटेशियस, जुनं नाव प्लुमोसस. तिचं माहेर पूर्व आणि दक्षिण आफ्रिका. बुकेत गुलाबामागे जी हिरवी जाळी खोचलेली असते, ती बहुतेक वेळा हिचीच.

आता हे भिंग एकेकानं पुढे द्या. ज्याला आपण पान म्हणतो त्या केसासारख्या हिरव्या काड्या आहेत, झुबक्याझुबक्यानं आलेल्या. त्या खोडाच्याच फांद्या आहेत, फक्त पानाचं काम करतात. खरं पान झुबक्याच्या बुडाशी सापडेल: कागदासारखा पातळ, इवलासा खवला. मुख्य खोड जून झालं की तिथला खवला टणक होतो आणि त्याचाच काटा बनतो. आपल्या रानातल्या शतावरीचे काटे ज्यांना ओरबाडले असतील, त्यांना हे नातं लगेच पटेल.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, ती कोंबाची. लहानपणी हे रोप झुडपासारखं, आडव्या पंख्यांचं असतं. वेल म्हणून आणलं आणि चढतच नाही, अशी तक्रार मला पुष्कळ जण सांगतात. मग एक दिवस कुंडीच्या मधून एक सरळसोट कोंब निघतो. पान नाही, फांदी नाही, नुसती हिरवी छडी. सगळ्या पिसाऱ्यात तो विजोड दिसतो. मी स्वतः दोन वर्षं असे कोंब बुडातून कापत होते, झाड नीटनेटकं दिसावं म्हणून. तिसऱ्या वर्षी गावाला गेले होते, परत आले तर एक कोंब खिडकीच्या गजाला वेढे घालून माझ्या डोक्याच्या वर पोचला होता. उंची गाठून झाल्यावर त्यानं बाजूच्या फांद्या सोडल्या आणि एकेक पंखा उलगडत गेला. चढणारी वेल ती हीच. आधी उंची आणि मग हिरवाई, असा तिचा क्रम आहे. कोंबाचं टोक मोडलं तर तो कोंब पुन्हा लांबत नाही, नवा कोंब यायची वाट बघावी लागते, आणि तो येतो तो मातीतूनच. म्हणून कोंब वीतभर झाला की शेजारी काठी रोवा किंवा वरून सुतळी सोडा. गुंडाळायचं काम तो स्वतः करतो.

बाकी निगा सोपी आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही वेल, तेव्हा पूर्वेची खिडकी किंवा सज्जातली उजेडाची जागा तिला मानवते. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात ठेवलीत तर पिवळी पडून काड्या झडायला लागतात. माती फार कोरडी झाली तरी झडतात आणि पाणी साचलं तरी झडतात, त्यामुळे झारी उचलण्याआधी बोट मातीत घालून बघा. वरचा थर सुकला असेल तरच पाणी. मातीत थोडी वाळू आणि गांडूळखत मिसळा, कुंडीचं भोक मोकळं ठेवा. पिवळं झालेलं खोड मात्र बुडातून कापा, ते परत हिरवं होत नाही. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो: बारीक जाळी दिसते, रंग धुरकट होतो. आधी पाण्याच्या फवाऱ्यानं झाड धुवा, मग निमतेल.

फळांबद्दल मात्र कळकळीनं सांगते. ती खायची नाहीत. घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. शतावरीच्या घरातली म्हणून हिची मुळं औषधाला उकळू नका. आणि फळं पिकण्याआधी खुडून टाका. पक्षी ती खातात आणि बी दूरवर टाकतात. ऑस्ट्रेलियात बागेतून सुटलेल्या या वेलीनं रानात एवढा पसारा मांडला, की 2012 मध्ये तिला राष्ट्रीय पातळीवरच्या घातक तणांच्या यादीत घालावं लागलं. आपल्या घाटातल्या रानात हिला मोकळं सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

नवं रोप करायचं तर बी रात्रभर भिजवून पेरता येतं, पण विभागणी लवकर साधते. प्रत्येक भागाला मुळं हवीत आणि निदान एक-दोन जिवंत खोडं हवीत. ही कुंडी मुळांनी गच्च भरली आहे, म्हणूनच आज आणली. कोणीतरी ती वर्तमानपत्रं इथे पसरा आणि धारदार सुरी द्या. मी कुंडी उलटी करते, तुम्ही खालून मुळांचा गोळा धरा. मधला तो कोवळा कोंब सांभाळा.