निकालानंतर बंदूक कोणाच्या ताब्यात?

मित्रहो, सशस्त्र संघटनेने लोकशाही मार्गाने निवडणूक जिंकली तर पुढे काय होते, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. सत्तेची जबाबदारी अंगावर पडली की अशी संघटना आपोआप मवाळ होते, असे काही जण म्हणतात. तिला निवडणुकीत उतरू देणे हीच मुळात चूक, असे इतर म्हणतात. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत, कारण दोन्हींत निकालाच्या दुसऱ्या दिवशी बंदूक कोणाच्या आज्ञेत असणार, हा प्रश्नच विचारलेला नसतो.

२५ जानेवारी २००६ रोजी पॅलेस्टाइनच्या कायदेमंडळासाठी मतदान झाले. त्या रात्रीच्या मतदानोत्तर चाचण्या तोवर सत्तेत असलेल्या फतह या पक्षाच्या निसटत्या विजयाचे भाकीत करीत होत्या. प्रत्यक्षात १३२ पैकी ७४ जागा हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या पदरात पडल्या आणि फतहला ४५ जागांवर थांबावे लागले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासारख्या निरीक्षकांनी मतदान प्रामाणिक झाल्याचा निर्वाळा दिला, त्यामुळे निकाल नाकारण्याची सोय कोणालाच नव्हती. मात्र या आकड्यांच्या पोटात शिरले पाहिजे. निम्म्या जागा पक्षांच्या याद्यांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जाणार होत्या आणि तिथे हमासला सुमारे ४४, तर फतहला सुमारे ४१ टक्के मते, म्हणजे २९ आणि २८ जागा मिळाल्या. उरलेल्या ६६ जागा जिल्हावार होत्या. तिथे फतहचे नाराज कार्यकर्ते अपक्ष म्हणून उभे राहिले, आपल्याच पक्षाची मते त्यांनी फोडली, आणि शिस्तीने उमेदवार उभे करणाऱ्या हमासने ४५ जागा उचलल्या. बंडखोरीने पक्ष कसा बुडतो, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको. ‘परिवर्तन आणि सुधारणा’ या नावाच्या यादीवर लढताना हमासने भ्रष्टाचार आणि ढिसाळ कारभार हे मुद्दे पुढे ठेवले होते. म्हणून त्या मतांना सशस्त्र लढ्याचा सरसकट कौल समजणे चुकीचे ठरेल.

मतदानानंतर पाचच दिवसांनी अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रे या चौकडीने नव्या सरकारपुढे अटी ठेवल्या: हिंसेचा त्याग, इस्राएलला मान्यता आणि आधीच्या करारांचा स्वीकार. या अटी गैर होत्या असे मी म्हणत नाही. पण उमेदवारी अर्ज भरून घेताना त्या ठामपणे न लावता मतपेट्या उघडल्यावर लावल्या गेल्या, आणि त्यामुळे अट आणि शिक्षा यांतला फरक पॅलेस्टिनी मतदाराला दिसेनासा झाला. हमासने अटी नाकारल्या. इस्राएलने पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी स्वशासनाच्या, वतीने गोळा केलेला कर रोखून धरला, पाश्चात्त्य देशांनी सरकारला थेट मदत देणे थांबवले, आणि मार्च २००६ मध्ये पंतप्रधान झालेल्या इस्माईल हनिया यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो सरकारी नोकरांच्या पगाराचा.

खरी कोंडी याहून खोल होती. तेव्हाचे अध्यक्ष यासर अराफात यांच्या हातातली सत्ता कमी व्हावी म्हणून २००३ मध्ये पाश्चात्त्यांच्या दबावाखाली पंतप्रधानपद निर्माण करण्यात आले होते. आता तेच पाश्चात्त्य देश अधिकार पुन्हा अध्यक्षांकडे, म्हणजे फतहच्याच महमूद अब्बास यांच्याकडे, सरकवू पाहत होते. सुरक्षा दलांत फतहचीच माणसे होती आणि ती हमासच्या नव्या गृहमंत्र्यांचे ऐकेनात. तेव्हा गृहमंत्र्यांनी गाझात स्वतःचे वेगळे दल उभे केले, अब्बास यांनी ते बेकायदा ठरवले, आणि एकाच रस्त्यावर दोन गणवेश दिसू लागले. हमासची मूळची लढाऊ शाखा तर या सगळ्याच्या बाहेर, जशीच्या तशी होती. जून २००६ मध्ये गिलाद शालित या इस्राएली सैनिकाला पकडून नेण्यात तिचा हात होता आणि त्यानंतर इस्राएलने हमासचे अनेक मंत्री व आमदार अटकेत टाकले. फेब्रुवारी २००७ मध्ये हमास आणि फतह यांच्यात मक्केत समझोता झाला, संयुक्त सरकारही आले, पण जूनमध्ये हमासने गाझा बळाने ताब्यात घेतला आणि अब्बास यांनी हनियांना बडतर्फ केले.

याच्या शेजारी नेपाळ ठेवून पाहा. एप्रिल २००८ मध्ये संविधान सभेच्या ५७५ निर्वाचित जागांपैकी २२० जागा माओवाद्यांनी जिंकल्या, पण त्याआधी, नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानुसार, त्यांचे लढवय्ये छावण्यांत आणि त्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कंटेनरमध्ये गेली होती. किल्ल्या माओवाद्यांकडेच राहिल्या, हे खरे. परंतु सरकारी सैन्याचीही तेवढीच शस्त्रे कुलूपबंद झाली होती, त्यामुळे ही शरणागती आहे असे कोणाला वाटले नाही. सेनाप्रमुखांना हटवण्याच्या वादात अध्यक्षांनी आडकाठी केली, तेव्हा मे २००९ मध्ये माओवाद्यांचे नेते, पंतप्रधान प्रचंड यांनी राजीनामा दिला आणि ते जंगलात न जाता विरोधी बाकांवर बसले. २०१३ मध्ये त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर घसरला. त्यांनी गैरप्रकाराचा आरोप करीत मतमोजणी थांबवण्याची मागणी केली, तक्रारही केली, पण अखेर सभागृहात गेले. त्यांची वृत्ती बदलली होती का, हे मला ठरवता येत नाही. माघारीची वाट अवघड झाली होती, एवढे मात्र दिसते.

पॅलेस्टाइनमध्ये दोन्ही बाजूंची ती वाट उघडीच राहिली. तिथले कायदेमंडळ २००७ नंतर नीट भरलेच नाही आणि २०१८ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने ते बरखास्त झाले. २२ मे २०२१ रोजी होणार म्हणून जाहीर झालेली निवडणूक, पूर्व जेरुसलेममध्ये मतदानाला इस्राएलची परवानगी मिळत नसल्याचे कारण देऊन, अब्बास यांनी पुढे ढकलली. २००६ च्या मतदानावेळी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या पॅलेस्टिनी माणसाला आपल्या कायदेमंडळासाठी त्यानंतर एकदाही मत देता आलेले नाही.