फ्रेंचमधलं 'आले' म्हणजे आपलं 'गेलो'

श्रोतेहो, नमस्कार.

वेरूळ-अजिंठ्याला फ्रेंच पाहुणे येतात, म्हणून आपल्याकडची काही पोरं गाइडच्या कामासाठी फ्रेंच शिकतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं : बाबांनो, काळ इंग्रजीतून समजून घेऊ नका, मराठीतून घ्या.

मागच्या हिवाळ्यातला एक सोमवार. कैलास लेण्यात माझ्या विद्यार्थ्यानं एका फ्रेंच आजींना विचारलं, "व्हू झेत् रेस्ते त्र्वा झूर?" आजी गोंधळल्या. "नाही नाही, मी अजून आहे की इथं!" त्याला विचारायचं होतं, तीन दिवसांपासून इथं आहात का? विचारलं गेलं, तीन दिवस राहिलात? म्हणजे मुक्काम आटोपलाच. इंग्रजीतलं 'हॅव बीन' डोक्यात होतं, म्हणून पोरगं भूतकाळात शिरलं. फ्रेंचला इथं साधा वर्तमानकाळ पुरतो : "ज् स्वी इसी देप्वी त्र्वा झूर." मी इथं तीन दिवसांपासून आहे. आपण तरी दुसरं काय म्हणतो?

आता प्रवासाची हकीकत सांगायची आहे. "ऊन मी म्हणत होतं, आम्ही लेण्यात शिरलो." ऊन चालूच होतं, शिरणं एकदाच घडलं. फ्रेंच माणूसही हे दोन भूतकाळांत वाटून घेतो. उन्हासाठी 'आँपार्फे' : "इल फझे शो." शिरण्यासाठी 'पासे काँपोझे' : "नू सॉम झाँत्रे." आणि "लहानपणी आम्ही उरुसाला जायचो" यातलं 'जायचो'? तेही आँपार्फेच. हा 'जायचो' ज्याच्या तोंडी लहानपणापासून आहे, त्याला आँपार्फेची धास्ती कशाला?

जाणं, येणं, निघणं, पोचणं, चढणं, उतरणं या क्रियापदांना पासे काँपोझेत 'असणे' जोडतात, 'जवळ असणे' म्हणजे इंग्रजीतलं 'हॅव' नाही. म्हणून "झे आले" चूक, "ज् स्वी आले" बरोबर. हे 'आले' ऐकून फसू नका, त्याचा अर्थ 'गेलो'. बाई बोलत असेल तर 'गेले'. उच्चार तोच राहतो, लिहिताना मात्र शेवटी एक अक्षर वाढतं. गेलो-गेले करणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगावंही लागू नये.

त्या आजींना निघताना मी विचारलं, उद्या कुठं? मंगळवारी वेरूळ बंद. त्या म्हणाल्या, "द्मँ, ज् व्हे आ अजंता." उद्याची गोष्ट, आणि काळ वर्तमान. माझा विद्यार्थी लगेच मराठीत पुटपुटला, "उद्या मी अजिंठ्याला जाते."