एका हाताने बांधायची पट्टी

[दृश्य: फरशीवरून घरंगळत जाणारी बँडेजची गुंडाळी]

हातातून सुटली की ही गुंडाळी खोलीभर पळते. मग उचला, झटका, घट्ट गुंडाळा आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात. सुजलाय उजवा हात, म्हणून सगळी कसरत डाव्याची.

[दृश्य: दोन्ही हात शेजारी शेजारी]

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या, किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातल्या लसिकाद्रवाला, म्हणजे पेशींभोवतीच्या पाणीदार द्रवाला, पुढे जायची वाट अपुरी पडू शकते. द्रव साचतो, हात जड होतो. कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी. काहींच्या लसिकावाहिन्यांत जन्मतःच दोष असतो, काहींच्या हत्तीरोगाच्या जंतांनी निकामी केलेल्या असतात. आजार तोच, लिम्फेडिमा. तो मुळातून जात नाही, रोज आवरावा लागतो.

[दृश्य: गोल मांडलेल्या खुर्च्या, मांडीवर पट्ट्यांचा ढीग]

रुग्णांच्या या मदतगटात, या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ते ‘रोज’ ठाऊक आहे.

आधी मऊ सुती बाही. मग एकेक बोट वेगळं. त्यावर कापसाचा थर, आणि मग कमी ताणली जाणारी पट्टी. मुरगळलेल्या पायाला बांधतो ते साधं क्रेप बँडेज इथे कामाचं नाही. दाब बोटांकडे जास्त, खांद्याकडे कमी होत गेला पाहिजे. थेरपिस्टने हे नीट शिकवलेलं असतं. पण शिकवताना तिचे दोन्ही हात मोकळे असतात.

“अगं, ओढू नकोस. नुसती अंथरत जा,” शेजारच्या ताई म्हणतात. स्वतःची पट्टी बांधताना त्या गुंडाळी हनुवटीखाली धरतात. “आता नख दाबून सोड. गुलाबी रंग परत आला ना? मग ठीक.” रंग परतला नाही, बोटं बधिर झाली, तर सगळं सोडायचं.

[दृश्य: रबरी हातमोजे, पायावर चढणारं स्टॉकिंग]

हे भांडी घासायचे मोजे. घट्ट स्टॉकिंग नुसत्या बोटांनी वर सरकत नाही; रबराने पकड मिळते, नखही अडकत नाही. चढवायचं सकाळी उठल्या उठल्या, सूज कमी असताना. ही युक्ती गटाला या काकांनी दाखवली. पहिल्यांदा आले तेव्हा ‘बायकोसाठी माहिती हवी आहे’ म्हणाले होते. पाय त्यांचाच होता.

औषध कुणी कुणाला सुचवायचं नाही, हा इथला नियम. त्वचा लाल आणि गरम झाली, ताप भरला, की गटाला विचारत बसायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचे. तो जंतुसंसर्ग असू शकतो. पण एकत्र येऊन रुग्ण बरंच काही मिळवू शकतात. अमेरिकेत तर रुग्णांनीच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात दाब देणाऱ्या या स्लीव्ह (बाही) आणि स्टॉकिंगचा खर्च धरला जाऊ लागला.

[दृश्य: पुन्हा तोच हात]

पट्टी कोपराच्या वर गेली. ताईंनी आपला हात मागे घेतलाय. आता फक्त टोकाला चिकटपट्टी. ती दातांनी कशी तोडायची, हे तिघी-चौघी एकदमच दाखवायला लागतात.