शिंपल्यातून चुना किती निघेल? मोलच्या गणितांबद्दल थोडं

नमस्कार. अकरावी-बारावीची पोरं बरीच दिसतायत, मागे पालकही बसलेत, बरं वाटलं. केमिस्ट्रीत गणित आलं की पुष्कळ मुलांना धडकी भरते, आणि मला मनापासून वाटतं की ती भरायचं काही कारणच नाही, एक गोष्ट पक्की बसली की झालं. रिअ‍ॅक्शन होते ती नगांवर, आणि आपला तराजू दाखवतो वजन. या दोघांची गाठ घालून देतो तो मोल.

ज्यांच्या घरी सुपारीची बाग आहे त्यांना हे पटकन कळेल. पोतंभर सुपारी एकेक करून कोण मोजत बसणार, शंभर नग तोलायचे, मग अख्खं पोतं तोलायचं आणि भागाकार करायचा, नग किती ते आलं. शंभर नारळ तोलले तर वजन भलतंच भरेल पण नग शंभरच राहणार ना. मोल हा तसाच एक ठरलेला आकडा, फक्त अफाट मोठा, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके म्हणजे एक मोल अशी व्याख्या होती, २०१९ पासून तो आकडाच ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा नेमका ठरवून टाकलाय. अ‍ॅव्होगाड्रोचं नाव त्याला दिलंय, पण अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडलं ते एवढंच की तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी, आकडा पुढच्या लोकांनी काढला.

आता मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन ग्रॅममध्ये. अणुभारांची बेरीज करायची, बस. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६, मग कॅल्शियम कार्बोनेट ४० अधिक १२ अधिक तीन ऑक्सिजनचे ४८, झाले १००. कॅल्शियम हायड्रॉक्साइडला, Ca(OH)₂ ला, मात्र जपून हां, तिथे कंस आहे, कंसाबाहेरचा २ ऑक्सिजनलाही लागतो आणि हायड्रोजनलाही. १६ अधिक १ म्हणजे १७, दुप्पट ३४, त्यात ४० मिळवले की ७४. वहीत ५८ आलं असेल तर २ फक्त हायड्रोजनला लावलाय असं समजा, हे मी पेपर तपासताना इतक्यांदा बघितलंय की लांबूनच ओळखू येतं.

आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायची जुनी पद्धत आहे, किल्ल्यांच्या बांधकामातही चुना वापरलाय. तेच गणित करू. शिंपला म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, तूर्त शुद्धच धरू. २५० ग्रॅम भाजला तर कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, किती? पहिलं काम समीकरण लिहून बॅलन्स करणं, कॅल्क्युलेटरला हात नंतर लावा. एक मोल कार्बोनेटचा एक मोल कळीचा चुना होतो आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड उडून जातो. २५० भागिले १०० म्हणजे २.५ मोल. म्हणून कळीचा चुनाही २.५ मोल, त्याचा मोलर मास ५६, गुणाकार करा, १४० ग्रॅम. वायू २.५ गुणिले ४४, ११० ग्रॅम. १४० आणि ११० मिळून २५०, ताळा जमला. हा ताळा करायला दहा सेकंद लागतात, करत जा रे पोरांनो. आपल्याकडे ३० डिग्रीला नेहमीच्या हवेच्या दाबात एक मोल वायू साधारण २५ लिटर जागा घेतो, म्हणजे मूठ-दोन मूठ शिंपल्यांतून ६२ लिटरच्या आसपास वायू हवेत गेला, मला तर हे दरवेळी थक्क करतं.

आता खरी मजा. त्या १४० ग्रॅम कळीच्या चुन्यावर ५४ ग्रॅम पाणी घातलं, आधी काय संपेल? पाणी वजनाला कमी, म्हणून बहुतेक जण पाणी म्हणतात. मोल काढून बघा की! चुना २.५ मोल, पाणी ५४ भागिले १८ म्हणजे ३ मोल, आणि दोघांना एकास एकच लागतं, तेव्हा आधी चुनाच संपणार, अर्धा मोल म्हणजे ९ ग्रॅम पाणी उरणार. भिजवलेला चुना, म्हणजे मघाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, २.५ गुणिले ७४, १८५ ग्रॅम. १८५ आणि ९ मिळून १९४, आपण घातलं होतं १४० आणि ५४, तेही १९४. (हे खरोखर करून बघायला जाऊ नका, कळीचा चुना पाण्यात इतका तापतो की वाफ येते, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.)

समीकरणात एकास एक नसेल, एकास दोन असेल, तर ते प्रमाण मोलला लावायचं, ग्रॅमला कधीच नाही. मधली पायरी वाचवायला ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारलीत की तिथेच पाय घसरतो.

आता एक तुम्ही करायचं. ४०० ग्रॅम शिंपले आहेत, त्यात कॅल्शियम कार्बोनेट ९० टक्केच आहे, बाकीच्यातून चुना होत नाही, तर कळीचा चुना किती? आधी कार्बोनेटचे ग्रॅम, मग मोल, मग पुढे. उत्तर २०१.६ ग्रॅम यायला हवं, २२४ आलं तर ९० टक्के विसरलात.