महिन्याचा पहिला रविवार

अमेरिकेच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीच्या पूर्वेला वासॅच पर्वताच्या कड्यांवर अजून बर्फ आहे. खालच्या प्रार्थनागृहात सकाळची सभा सुरू झाली आहे, आणि या बाकांवर बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांनी कालच्या जेवणानंतर काही खाल्लेले नाही, पाण्याचा घोटही घेतलेला नाही. महिन्याचा पहिला रविवार हा लॅटर-डे सेंट्स चर्चचा, म्हणजेच जग ज्यांना मॉर्मन म्हणते त्या समाजाचा, उपासाचा दिवस आहे. लागोपाठची दोन जेवणे सोडायची आणि त्यांवर जेवढा खर्च झाला असता तेवढी किंवा त्याहून अधिक रक्कम गरजूंसाठी द्यायची, अशी ही रीत आहे. आपल्याकडच्या उपासाप्रमाणे येथे फराळ नसतो. पूर्वी हा दिवस गुरुवारी पाळला जाई, तो १८९६ मध्ये रविवारी आला.

तंबाखू, मद्य, चहा आणि कॉफी वर्ज्य मानण्याचा या समाजाचा नियम १८३३ पासूनचा आहे. त्यामुळे युटामध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी दिसले, तेव्हा त्याचे श्रेय साहजिकच धूम्रपान न करण्याला देण्यात आले.

हृदयविकाराचे संशोधक बेंजामिन हॉर्न आणि त्यांचे सहकारी एवढ्यावर थांबले नाहीत. युटातील इंटरमाउंटन रुग्णालय समूहात अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४४८ रुग्णांना त्यांनी सवयींविषयी प्रश्न विचारले: तुम्ही चहा-कॉफी घेता का, मद्य घेता का, आठवड्यातून एक दिवस विश्रांती पाळता का, वेळ आणि पैसा दान करता का, आणि नियमित उपास करता का? अँजिओग्राफीत हृदयापर्यंत नेलेल्या, पडद्यावर दिसणाऱ्या या नळीतून रंगद्रव्य सोडले की हृदयाच्या रोहिण्या कुठे अरुंद झाल्या आहेत ते स्पष्ट दिसते. त्या चित्राशेजारी माणसाच्या जगण्याच्या रीतीची नोंद ठेवण्याचे कष्ट फार थोड्या ठिकाणी घेतले जातात. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपास करणाऱ्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत, तर न करणाऱ्यांपैकी ७६ टक्के रुग्णांत रोहिणीविकार आढळला, आणि विचारलेल्या सवयींपैकी उपासाचाच संबंध ठळकपणे टिकून राहिला. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात नियमित उपास करणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाणही कमी दिसले.

हे जुने छायाचित्र इन्सुलिनपूर्व काळातील एका मुलाचे आहे. त्या काळी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन मधुमेहींना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य काही काळ लांबवत असत, कारण हाती दुसरा उपायच नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि ती उपासमारीची उपचारपद्धत मागे पडली. युटातील संशोधकांपुढचा मधुमेह मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा आहे: त्यात इन्सुलिन असूनही शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

त्यांनी ३० स्वयंसेवकांना एक दिवस केवळ पाण्यावर ठेवले, दुसऱ्या एका दिवशी नेहमीप्रमाणे जेवू दिले, आणि दोन्ही दिवसांच्या रक्ताची तुलना केली. उपासाच्या दिवशी वाढ-संप्रेरक कित्येक पटींनी वाढले. अन्न मिळत नसताना शरीर साठवलेली चरबी जाळू लागते, आणि हे संप्रेरक त्या वेळी स्नायूंची झीज रोखण्यास मदत करते. त्यानंतरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०३ जणांपैकी एका गटाने पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढे बावीस आठवडे आठवड्यातून एकदा, पाण्यावर चोवीस तासांचा उपास केला. वाईट कोलेस्टेरॉल त्याने घटले नाही, मात्र इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध कमी झाला.

२००८ आणि २०१२ चे दोन्ही अभ्यास हृदयतपासणीला आलेल्या रुग्णांचे होते, आणि ज्याला उपास झेपतो तो मुळातच अधिक निरोगी असू शकतो, त्यामुळे त्यांतून कारण सिद्ध होत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा उपासात धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्यांनी उपास करू नये. प्रकृती साथ देत नसेल तर चर्चही कोणावर उपासाची सक्ती करत नाही.

सभा संपली आहे. दाराशी कुणी पाकिटात रक्कम घालून देत आहे, मुले गाडीकडे धावत आहेत. यांचा उपास संध्याकाळी, प्रार्थना म्हटल्यावर सुटेल.