मक्यानंतर उळं करपतंय? बायोचार टाकण्याआधी हे ऐका

राम राम मंडळी. उळ्याचा, म्हणजे कांद्याच्या रोपांचा, व्हिडिओ टाकला, तर खाली निम्म्या कमेंटा एकच: "दादा, तणनाशकानं जमीन खराब झाली. बायोचार टाकला की विष निघून जाईल ना?"

नाही जाणार. बसा, सांगतो.

बायोचार म्हणजे काय ते पटकन उरकू. पऱ्हाटी, तुराटी, असलं वाळलेलं काहीही कमी हवेत जाळायचं आणि राख व्हायच्या आत पाण्यानं विझवायचं. उरतो तो कोळसा. (तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून, मोडून) आवाज ऐकला? काचेसारखा वाजला पाहिजे. हाताला लागलेलं काळं नुसत्या पाण्यानं गेलं पाहिजे. तेलकट राहिलं तर कच्चा आहे. आत भोकंच भोकं, आणि औषधाचे कण त्या भोकांत चिकटून बसतात. चुलीतली राख चालेल का विचारणारे दर व्हिडिओला येतात. अहो, राखेत कोळसा उरलाच नाही, तर चिकटणार कशाला?

आता माझी फजिती. येवल्याकडची काळी जमीन, खरिपात मका, मागून उन्हाळ कांदा. मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारताना गड्याला मीच म्हणालो, "जरा सढळ हातानं घे." मका झकास आला. काढणी झाल्यावर त्याच वावरात उळं टाकलं. उगवलं असं की गालिचा! वीस दिवसांनी पात शेंड्याकडून पिवळी, मग पांढरी, मग आडवी. मी म्हटलं मर रोग आहे, दोनदा बुरशीनाशक ओतलं. दुकानदार खूश. खरी गोष्ट अशी की ॲट्राझिन उगवण अडवत नाही, ते पानातलं अन्न तयार करणं अडवतं. बियातली शिदोरी संपेपर्यंत रोप हिरवंगार दिसतं, म्हणून आपण फसतो. त्यात आपली जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या वर. तिथं ते लवकर तुटत नाही.

पुढच्या वर्षी ३ गुंठ्यांच्या वाफ्यांत चौरस मीटरला १ किलो बायोचार घातला. आधी तीन आठवडे शेणाच्या स्लरीत मुरवलेला, कारण कोरा टाकला तर रोपाचं नत्रही तोच गिळतो. आणि ओलाच पसरायचा, नाहीतर धूळ छातीत जाते. उळं वाचलं. मी मिशीला पीळ देत पेंडिमेथॅलिन हे दुसरं तणनाशक मारलं, तर गवत असं उठलं की रोप शोधावं लागे! कोळशाला जुनं विष आणि नवं औषध यात फरक कळत नाही. समोर आलं ते धरलं.

धरलं. मारलं नाही. हेच डोक्यात बसवायचंय.

दवाखान्यातलं बघा. काही विषबाधांत डॉक्टर कोळशाची खास पूड पाजतात. (घरी चुलीतला कोळसा कुणी कालवू नका, पेशंट उचलून थेट दवाखाना गाठा.) ती पोटात विष धरते आणि शौचावाटे बाहेर पडते. शेतातला कोळसा कुठं बाहेर पडणार? तो विषासकट तिथंच बसतो. उलट, जे जिवाणू ॲट्राझिन खाऊन संपवतात, त्यांच्या तोंडूनही तो घास काढून घेतो. म्हणजे पिकाला त्रास कमी, पण मातीतला मुक्काम लांबू शकतो.

अजून पटत नाही? माती प्रयोगशाळेत द्या. तिथं तगडं द्रावण वापरून कोळशात अडकलेलंही बरंचसं ओढून काढतात. शेतात पीक हिरवं आणि रिपोर्टात विष तसंच. मग मला फोन, "दादा, बायोचार बोगस आहे." बोगस नाही, तुम्ही त्याला भलतं काम सांगितलंत.

कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही फ्रान्सची बेटं आहेत. १९७२ ते १९९३ तिथल्या केळीत सोंड्या किड्यासाठी क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं, ते अजून मातीत आहे. संशोधकांनी तशा मातीत सक्रिय कोळसा (दवाखान्यातल्या पुडीसारखा) आणि बायोचार मिसळून डुकरांच्या पिलांवर प्रयोग केले. विष मातीतच राहिलं, अंगात जाणारं प्रमाण मात्र घटलं. तिथंही त्याचं काम राखणदाराचंच.

आणि कुणी पाच एकराला किती पोती विचारलं तर हिशेब करा. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९०० टन. एक टक्का म्हटलं तरी ९ टन कोळसा. एकरभर पऱ्हाटीतून तीन-चार क्विंटल निघाला तरी पुष्कळ. म्हणून रोपाच्या वाफ्यापुरतंच बोलतोय मी.

तेही आधी तपासून. एका कुंडीत मक्याच्या वावरातली माती, दुसरीत जिथं कधी औषध पडलं नाही तिथली. दोन्हींत चिमूटभर कांद्याचं बी. पण पाचव्या दिवशी "दोन्ही हिरवं आहे दादा" म्हणून फोटो पाठवू नका. तीन आठवडे थांबा, शेंडे बघा, मग पाठवा.