कडी कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री झोपताना दाराला कडी घालता ना? घरातल्या कपाटालाही कुलूप असेलच. कायदा आहे, पोलीस आहेत, तरीही! मग शेजाऱ्यांबद्दल, घरच्या माणसांबद्दल तुमचं खरं मत काय? हा खोचक प्रश्न सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्ज या इंग्लिश तत्त्वज्ञाचा. तो म्हणतो, मी शब्दांनी माणसाला जेवढा दोष देतो, तेवढाच तुम्ही कृतीने देता.

त्याचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ सालचा. इंग्लंडात यादवी पेटलेली, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झालेला आणि हॉब्ज पॅरिसमध्ये आश्रयाला. सरकार नाहीसं झालं तर काय होतं, ते त्याला कल्पनेने शोधावं लागलं नाही.

सरकारच नसलेल्या या स्थितीला तो निसर्गावस्था म्हणतो. तिथे प्रत्येकाला नैसर्गिक स्वातंत्र्य आहे, म्हणजे जीव वाचवण्यासाठी वाटेल ते करण्याचा हक्क. पण सगळ्यांचा सगळ्यावर हक्क म्हटला की कोणाचंच काही उरत नाही. आणि बलवानही सुरक्षित नाही, कारण दुबळा माणूसही कट करून त्याला मारू शकतो. हॉब्जच्या मते माणसं समान आहेत ती अशी! ऐकायला विचित्र, पण खोडून काढायला कठीण. आणखी एक, माणूस मुळात दुष्ट आहे असं तो म्हणत नाही. ते आपण त्याच्या तोंडी घालतो. एकमेकांवर उठायला भीतीच पुरेशी आहे.

त्याच्यानंतरचा इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याला हे पटलं नाही. त्याच्या निसर्गावस्थेत स्वातंत्र्य आहे, स्वैराचार नाही. विवेकाचा नियम तिथेही चालतो. अडचण एवढीच की तंटा झाला तर ज्याचा तंटा तोच न्यायाधीश. जिनिव्हात जन्मलेल्या रूसो या तत्त्वज्ञाने १७५५ मध्ये दोघांनाही झोडपलं: हाव आणि मानपानाची ओढ समाजात शिकलेली, ती यांनी रानातल्या माणसाला चिकटवली. मला यात तथ्य वाटतं.

पण अशी अवस्था कधी होती तरी का? हॉब्जही म्हणतो, सगळ्या जगभर ती कधीच नव्हती. मात्र राजांकडे बघा, असं तो सुचवतो. त्यांच्यावर कोणी पंच नाही, म्हणून सीमेवर किल्ले, तोफा, शेजारच्या राज्यात हेर आणि एकमेकांवर रोखलेली नजर. लॉकही इथे त्याच्याशी सहमत आहे. राज्याच्या आत, सत्ता मान्य करण्याच्या लोकांच्या आपसातल्या कराराने, निसर्गावस्था संपली असेल. दोन राज्यांमध्ये ती तशीच आहे, आणि तिथे कडी घालायला दारही नाही.